खुर्ची एकच, कॅप्टन अनेक

विज्ञानकथेवरची कुठलीही फॅन फिल्म, म्हणजे गाजलेल्या मालिकेच्या किंवा सिनेमाच्या विश्वात चाहत्यांनी हौसेने बनवलेली फिल्म, हाती आली की मी आधी तिची श्रेयनामावली वाचते. निर्माता कोण, दिग्दर्शक कोण आणि कॅप्टनच्या खुर्चीत कोण बसलंय, एवढं कळलं की त्या गटाचं पुढे काय होणार याचा बराचसा अंदाज येतो. बहुतेकदा तिन्ही ठिकाणी एकच नाव असतं.

जेम्स कॉलीचंच बघा. एल्विस प्रेस्लीच्या वेशात गाण्याचे कार्यक्रम करणारा हा कलाकार. 'स्टार ट्रेक'च्या १९६६ सालच्या मूळ टीव्ही मालिकेतलं अंतराळजहाज हुबेहूब उभं करायचा त्याने ध्यास घेतला आणि न्यूयॉर्क राज्यात ब्रिज (कॅप्टनची खुर्ची असते तो नियंत्रण कक्ष), कॉरिडॉर, ट्रान्सपोर्टरची खोली असं एकेक बांधत नेलं. त्यासाठी पदरमोडही भरपूर केली. त्या सेटवर 'न्यू व्हॉयेजेस' ही मालिका सुरू झाली, २००४ मध्ये पहिला भाग आला, आणि त्यात मूळ मालिकेचा नायक कॅप्टन कर्क झाला तो स्वतः कॉली. २०१३ मध्ये चाहत्यांचीच 'स्टार ट्रेक कंटिन्यूज' ही मालिका आली. तिचा कर्ता विक मिन्योना, आणि कर्कही तोच. फिनलंडमधल्या 'स्टार रेक' या विडंबनाची मूळ कल्पना समुली तोरसोनेनची, कॉम्प्युटरवर जहाजं घडवणारा तोच आणि कॅप्टन पिर्कही तोच. 'स्टार ट्रेक'वरच्याच 'अ‍ॅक्सनार' या फिल्म प्रकल्पाचा निर्माता अ‍ॅलेक पीटर्स, आणि कथेचा नायक कॅप्टन गार्थही तोच.

ही माणसं अशी का वागतात ते मला समजतं. लहानपणी टीव्हीसमोर बसून ज्या खुर्चीकडे डोळे लावले, ती खुर्ची स्वतः लाकूड कापून, फोम चिकटवून, बटणांमागे बारीक दिवे बसवून तयार केली, तर तिच्यात दुसऱ्याला बसवायला मोठं काळीज लागतं. शिवाय तुम्ही बांधली नाहीत तर दुसरं कोणी बांधणारही नसतं. पगार नाही, नफा नाही, फिल्म विकायची सोय नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, त्याही वर्षानुवर्षं. हे काम तडीस न्यायला हट्टी माणूसच हवा, आणि हट्टी माणसाकडे थोडा अहंकार असणारच. त्या अहंकाराशी माझं भांडण नाही. तो दुसऱ्याचं नाव गिळायला लागतो, तिथून माझी तक्रार सुरू होते. कॉलीने पुढे कर्कची भूमिका ब्रायन ग्रॉसकडे सोपवली. आपण बांधलेल्या ब्रिजवर, आपल्या डोळ्यांदेखत, दुसऱ्याला त्या खुर्चीत बसवणं ही मला त्याच्या सगळ्या सुतारकामापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

मी ध्वनीचं काम करते. संवाद साफ करणं, फोली (पावलं, कपडे, वस्तू यांचे आवाज नंतर करून भरणं), जहाजाच्या आतली घरघर, दारं सरकल्याचे आवाज आणि शेवटचं मिक्सिंग. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे. हे रात्रीचं, हौसेचं काम. ज्यांच्यासाठी करते त्यांतल्या बहुतेकांना मी प्रत्यक्ष कधी भेटलेलेही नाही. फाइल येतात, फाइल जातात. पण ध्वनी साखळीत सगळ्यात शेवटी येत असल्यामुळे आधीच्या टप्प्यांवर जी काही धुसफूस झालेली असते, ती माझ्यासमोर टाइमलाइनवर उघडी पडलेली असते. कोणाचा क्लोजअप किती वेळा लांबवला, कोणाचा संवाद कापून परत घातला आणि परत कापला, हे सगळं कळतं. संकलनाच्या फाइलला कोणी काय नाव दिलंय त्यावरूनही गटातली हवा ओळखता येते.

संकलन पूर्ण झालं की चित्र 'लॉक' करतात. त्यानंतर एकही फ्रेम हलवायची नाही, कारण मध्येच काही फ्रेम घुसल्या की पुढचा सगळा आवाज ओठांवरून सरकतो. एका गटाकडून मला एकाच रात्री दोन लॉक आले. एक दिग्दर्शकाकडून, जो कॅप्टन होता. दुसरा लेखकाकडून, जो फर्स्ट ऑफिसर होता. दोघांनीही लिहिलं होतं की हेच अंतिम समज. मी दोन्ही टाइमलाइन एकाखाली एक लावल्या. पहिली सहा मिनिटं फ्रेम अन् फ्रेम सारखी. मग तो प्रसंग आला. इंजिनरूममध्ये किरणोत्सर्ग वाढलाय, दार आतून बंद आहे, आतला इंजिनिअर स्पीकरवरून शेवटचं बोलतोय आणि ब्रिजवर सगळे ऐकताहेत. एका संकलनात कॅमेरा सबंध वेळ कॅप्टनच्या चेहऱ्यावर, आणि फर्स्ट ऑफिसरचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य चौकटीबाहेरून येतं. दुसऱ्यात तेच वाक्य बोलताना फर्स्ट ऑफिसर समोर, आणि कॅप्टनचा नुसता खांदा. संवाद तेच, क्रम तोच. चेहरा कोणाचा दिसणार, एवढाच काय तो फरक, पण त्यासाठी कापाकापी इतकी झाली होती की शेवटी लांबीत चारेक सेकंदांचं अंतर पडलं होतं.

हेडफोन लावून मी तो प्रसंग ऐकत होते, चित्र बंद ठेवून. त्यात जीव होता तो इंजिनिअरच्या आवाजात. ज्याने तो आवाज दिला तो कधी सेटवर गेलाच नव्हता. घरच्या कपाटात, रजयांच्या मधोमध उभं राहून, फोनवर रेकॉर्ड करून त्याने पाठवलं होतं. वाक्याच्या मध्ये एकदा श्वास अडकतो, तो त्याने मुद्दाम अडकवलेला नव्हता, पण अभिनय म्हणून त्याहून नेमकं काही करता आलं नसतं. कपाटात रेकॉर्ड केल्यामुळे आवाज अगदी कोरडा होता. मी वरचा आणि खालचा भाग छाटला, बारीकशी करकर मिसळली, मग थोडा धातूच्या खोलीचा घुमारा दिला, आणि माझ्या अंगावर काटा आला. ज्या आवाजावर तो प्रसंग उभा होता त्या माणसाचं नाव दोन्ही श्रेयनामावल्यांत नव्हतं. दोघे एकमेकांचा चेहरा कापण्यात इतके गुंतले होते की तिसरा माणूस त्यांना आठवलाच नाही.

मी दोघांना एकत्र पत्र पाठवलं. दोघांना मान्य असलेलं एकच संकलन पाठवा, त्यात या माणसाचं नाव घाला, तोवर मी थांबते. बरेच दिवस काही आलं नाही. मग कॅप्टनचं संकलन आलं, नाव घातलेलं. लेखकाने काही महिन्यांत वेगळी चूल मांडली आणि स्वतःच्या फिल्ममध्ये तो कॅप्टन झाला.

नावावरून इतकी हमरीतुमरी का होते, याचं माझं उत्तर सरळ आहे. या जगात नावाशिवाय वाटून घ्यायला दुसरं काही नसतं. विश्व उसनं, गणवेश उसने, जहाजाचा आकार उसना, कधीकधी पात्रंही उसनी. फिल्म बनवणारा कशाचाच मालक नसतो. पैसे घेता येत नाहीत. उरतो तो फक्त पडद्यावरचा उल्लेख. व्यावसायिक सिनेमात एखाद्याचं नाव मागे गेलं तरी त्याचे पैसे खात्यात आलेले असतात. इथे नाव गेलं की सगळंच गेलं. म्हणून 'संकल्पना आणि निर्मिती' असा एकट्याच्या नावाचा फलक लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कथा लिहिलीत, लेखक म्हणा. सेट बांधलात, तसं लिहा. पण दुसऱ्याने घडवलेल्या विश्वात, शंभर हातांनी फुकट केलेल्या कामावर आपल्या एकट्याची मोहोर उमटवायची नसते.

ध्वनीवाल्यांच्या बाबतीत हे मला जास्त खुपतं. 'स्टार वॉर्स'मधल्या लाइटसेबरचा, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीचा, गुंजारव बेन बर्ट याने जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरचा आवाज आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची गुणगुण एकत्र करून तयार केला. ब्लास्टर या बंदुकीच्या आवाजासाठी त्याने टॉवरला ताण देणाऱ्या तारेवर हातोडी मारली. टाय फायटर या लढाऊ यानाच्या किंकाळीत हत्तीचं ओरडणं आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी गाडी आहे. १९७८ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्याला खास पुरस्कार दिला आणि आज जगभरचे चाहते त्याचं नाव घेतात. हे सगळं तोंडपाठ असलेली मंडळी स्वतःच्या फिल्मला आवाज देणाऱ्याचं नाव 'विशेष आभार'च्या गर्दीत ढकलतात, तेव्हा मला वाईट वाटतं.

चुरशीचा आणखी एक प्रकार एके काळी फार जोरात होता, मूळ मालिकेतल्या नटांना आपल्या फिल्ममध्ये आणण्याचा. वॉल्टर कोनिग, म्हणजे मूळचा चेकॉव्ह, २००६ मध्ये कॉलीच्या मालिकेत आला. २००७ मध्ये जॉर्ज टाकेई आला, आपल्या मूळच्या सुलूच्या भूमिकेतच. तो भाग विज्ञानकथांसाठीच्या नावाजलेल्या ह्यूगो पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्या वर्षी त्या विभागातला पुरस्कार 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेच्या 'ब्लिंक' या भागाने नेला, पण हौशी मंडळींनी बांधलेल्या सेटवरची गोष्ट 'ब्लिंक'च्या रांगेत बसली होती. याच सुमारास टिम रसने दिग्दर्शित केलेल्या 'ऑफ गॉड्स अँड मेन' या फॅन फिल्ममध्ये निशेल निकोल्स, म्हणजे मूळची उहुरा, आणि कोनिग दिसले. 'कंटिन्यूज'च्या पहिल्या भागात मायकल फॉरेस्ट पुन्हा अपोलो झाला, मूळ भाग १९६७ चा. जहाजाचा इंजिनिअर स्कॉटी याची भूमिका तर मूळ स्कॉटीचा मुलगा ख्रिस डूहान करत होता.

यातून जे काम झालं ते मी आजही पुन्हा पुन्हा पाहते. टाकेईच्या त्या भागात वय झालेला सुलू ब्रिजवर येतो तेव्हा एका नटाचं सबंध आयुष्य त्या चालण्यात आलेलं असतं. कुठल्याही मोठ्या स्टुडिओला ते सुचलं नव्हतं. पण त्याच चढाओढीने भूकही वाढवली. एकाकडे मूळचा नट आला की दुसऱ्याला दोन हवे झाले. एकाची वर्गणी अमुक डॉलर झाली की दुसऱ्याचं लक्ष्य त्याच्या पुढचं. व्ह्यूज, ट्रेलरची तारीख, देणगीदारांची यादी, सगळंच मोजपट्टीवर आलं. ट्रेलर आधी कोणाचा यावरून दोन गट महिनोन् महिने एकमेकांशी बोलत नव्हते, हे मी त्या दोन्ही गटांचं काम करताना पाहिलंय.

'अ‍ॅक्सनार' या सगळ्याच्या टोकाला उभं राहिलं. २०१४ मध्ये त्यांनी 'प्रील्यूड टू अ‍ॅक्सनार' ही वीसेक मिनिटांची फिल्म आणली. माहितीपटाच्या धाटणीची, युद्धात लढलेल्यांच्या मुलाखती, मध्ये मध्ये जहाजांची लढाई. रिचर्ड हॅच, टोनी टॉड, गॅरी ग्रॅहम असे कसलेले नट. पाहून मी थक्क झाले होते. टोनी टॉडचा तो खर्जातला आवाज ऐकून मिक्सिंग करणाऱ्याचा हेवा वाटला होता. मग लांब फिल्मसाठी वर्गणी सुरू झाली आणि सगळी मिळून रक्कम १० लाख डॉलरच्या वर गेली. फॅन फिल्मच्या रांगेत राहण्यापेक्षा व्यावसायिक दर्जाची स्वतंत्र फिल्म म्हणून स्वतःला मांडणं सुरू झालं. २०१५ च्या डिसेंबरअखेरीस 'स्टार ट्रेक'चे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंट या कंपन्यांनी दावा दाखल केला. २०१७ च्या जानेवारीत न्यायाधीशांनी 'फेअर यूज'चा, म्हणजे दुसऱ्याच्या कलाकृतीचा परवानगीशिवाय रास्त वापर केल्याचा, बचाव फेटाळला आणि त्याच महिन्यात तडजोड झाली. नियोजित लांब फिल्मच्या जागी पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग करायची मुभा उरली.

दावा चालू असतानाच, २३ जून २०१६ रोजी, दोन्ही कंपन्यांनी 'स्टार ट्रेक'वरच्या सगळ्याच फॅन फिल्मसाठी नियम जाहीर केले. एक गोष्ट १५ मिनिटांच्या आत, फार तर दोन भाग मिळून ३० मिनिटं. पुढचे भाग, सीझन, मालिका काही नाही. वर्गणी ५० हजार डॉलरच्या आत. काम करणारे सगळे हौशी, कोणालाही मोबदला नाही. आणि 'स्टार ट्रेक'वर पूर्वी किंवा सध्या काम केलेला कोणीही त्यात नको. या शेवटच्या अटीने कोनिग, टाकेई, फॉरेस्ट यांच्यासारख्यांचं येणं एका फटक्यात बंद झालं. 'कंटिन्यूज' २०१७ मध्ये ११ भागांवर संपली. कॉलीने चित्रीकरण थांबवलं, पण कंपनीकडून रीतसर परवाना घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या टिकोंडेरोगामधला आपला सेट लोकांना पाहण्यासाठी खुला केला.

त्या काळातली एक गोष्ट मला अजून टोचते. दावा लागल्याची बातमी आली तेव्हा आमच्यातले काही जण उघड खूश झाले होते. बरं झालं, फार माजले होते, अशी भाषा होती. ज्यांनी कधी पाच हजार डॉलरही जमवले नव्हते अशा गटांतली माणसं हे बोलत होती. सहा महिन्यांनी नियम आले ते त्यांनाही लागले. पैशांचा आकडा एवढा फुगल्यावर कंपन्या गप्प बसल्या नसत्या, हे मला मान्य आहे. त्यांचा हक्क आहे आणि तो त्यांनी बजावला. पण नियम ठरत असताना सगळ्या गटांनी मिळून एक सुरात काही मागणं शक्य होतं. निदान लांबीबद्दल, निदान निवृत्त नटांबद्दल. तसं काही झालं नाही. एकत्र यायला जी ओळख, जो विश्वास लागतो, तो आधीच्या दहा वर्षांच्या रुसव्याफुगव्यांत खर्च झाला होता.

'स्टार वॉर्स'च्या बाजूला फाटाफूट वेगळ्या रेषेवर होती. २००२ मध्ये तिथे अधिकृत स्पर्धा सुरू झाली ती फक्त विडंबन आणि माहितीपटांसाठी. गंभीर गोष्ट सांगणाऱ्यांना २००७ पर्यंत दार बंद होतं. त्यामुळे विनोदी फिल्म करणारे आणि गंभीर करणारे असे दोन तट पडले आणि दोघेही एकमेकांना कमी लेखायचे. खरं तर त्या जगातली पहिली गाजलेली फॅन फिल्म 'हार्डवेअर वॉर्स' हीच विडंबन होती, १९७८ सालची. आणि केव्हिन रुबिओच्या 'ट्रूप्स'मध्ये, १९९७ च्या, वाळवंटात गस्त घालणाऱ्या साध्या शिपायांच्या तोंडी जे संवाद आहेत, त्यांच्याइतकं नेटकं लिखाण कित्येक गंभीर फिल्ममध्ये नाही. विनोद हलका असं समजणाऱ्यांनी ती पुन्हा पाहावी.

आता माझ्याशी झालेला एक प्रकार. एका गटासाठी मी जहाजाच्या आतली घरघर तयार केली होती. जुन्या फ्रिजच्या पाठीमागे माइक चिकटवून रेकॉर्ड केलं, दोन सप्तक खाली उतरवलं, त्यावर वॉशिंग मशीनच्या फिरकीचा मधला पट्टा, आणि दर नऊ सेकंदांनी येणारी एक मंद धडधड, जी कानाला कळत नाही पण छातीला जाणवते. ती धडधड मला फार आवडते. पुढे त्यांच्या प्रतिस्पर्धी गटाने माझ्याकडे काम मागितलं, तेव्हा त्यांच्या मालवाहू जहाजासाठी मी त्याच मूळ रेकॉर्डिंगमधून वेगळा थर काढून दिला. फिल्म आली, आणि पहिल्या गटाच्या प्रमुखाचा निरोप आला की मी त्यांचं जहाज विकलं. विकलं हा त्याचा शब्द. मी एक पैसा घेतला नव्हता, त्याच्याकडूनही नाही आणि त्यांच्याकडूनही नाही. रेकॉर्डिंग माझं, फ्रिज माझा, रात्री माझ्या. त्याने मागणी केली की दुसऱ्या गटाला आवाज काढायला सांग. मी ठाम नकार दिला. पुढच्या फिल्मच्या श्रेयनामावलीतून माझं नाव गेलं आणि घरघर तशीच राहिली.

मी त्याला उत्तरात एवढंच लिहिलं, की तुमच्या जहाजाचा आकार ज्याने काढला त्याला तुम्ही विचारलं नव्हतं आणि त्याने तुम्हाला अडवलंही नाही. त्या उदारपणावर आपण सगळे उभे आहोत. त्याचं उत्तर आलं नाही.

माणसं पळवण्याचा प्रकारही चालतो. आमच्यात एक तरुण मुलगा आहे, जहाजांची थ्रीडी मॉडेल करतो, माझ्याशी मराठीत बोलणारा या कामातला एकुलता एक. मला ताई म्हणतो. एका फिल्मसाठी त्याने अंतराळस्थानक केलं होतं, तीन कडी एकात एक फिरणारी, प्रत्येक खिडकीत वेगळा प्रकाश. दुसऱ्या गटाने त्याला 'व्हीएफएक्स सुपरवायझर', म्हणजे कॉम्प्युटरवरच्या दृश्यकरामतींचा प्रमुख, असं पद देऊ केलं. पहिल्या गटाला सुगावा लागताच त्यांनी ऑनलाइन फोल्डरचं दार त्याला बंद केलं, त्याच्याच मॉडेलसकट. "ताई, मला कुठे जायचंच नव्हतं, मी नाही म्हणणार होतो," तो फोनवर सांगत होता. "पण आता माझंच स्टेशन मला उघडता येत नाहीये." त्याच्याकडे जुनी प्रत होती, खिडक्या नसलेली. मी त्या गटाच्या प्रमुखाशी बोलले, दोनदा. फाइल परत मिळाली, पण हा मुलगा त्यानंतर वर्षभर कोणाच्याच फिल्मला हात लावेना. पोरकट संशयापायी एवढा हुशार हात एक वर्ष बसून राहिला, याची भरपाई कशानेही होत नाही.

तरीही चुरस नसावी असं मी म्हणणार नाही. कॉलीचा गट आणि मिन्योनाचा गट एकाच काळात एकच जहाज बांधत होते म्हणून दोन्ही जहाजं सुधारली. मूळ मालिकेत राखाडी भिंतींवर जांभळे, हिरवे, लाल झोत टाकून खोल्या रंगवलेल्या असायच्या. 'कंटिन्यूज'चे भाग पाहा, भिंतीवरचा तो रंग, डोळ्यांवरच पडणारी ती प्रकाशाची पट्टी, हे सगळं किती अभ्यासून केलंय. समोर तोडीस तोड कोणी नसतं तर इतकी मेहनत कोणी घेतली असती असं मला वाटत नाही. मालिका संपल्यावर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या किंग्जलंडमधला 'कंटिन्यूज'चा तो सेट मोडला नाही. एका चाहत्याने तो विकत घेतला, 'न्यूट्रल झोन स्टुडिओज' असं नाव दिलं, आणि वेगवेगळे गट तिथे येऊन आपापल्या फिल्म करू लागले. ज्या खुर्चीवरून इतकं रामायण झालं तिच्यात आळीपाळीने वेगवेगळे कॅप्टन बसले. मला ही घटना फार मोलाची वाटते.

'हिडन फ्रंटियर' ही 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांची मालिकाही आठवते. २००० ते २००७, ५० भाग, आणि बहुतेक सगळं घरात लावलेल्या हिरव्या पडद्यासमोर, मागचं दृश्य नंतर कॉम्प्युटरवर जोडलेलं. चित्र कच्चं, आवाज तर त्याहून कच्चा, कडा थरथरणाऱ्या. पण त्यात एका माणसाभोवती सगळं फिरत नाही. डझनावारी पात्रं, प्रत्येकाला आपापला प्रवास. सात वर्षं हौशी माणसं टिकली ती त्यामुळे, असं माझं मत आहे. 'स्टार रेक'च्या मंडळींनीही एका घरात निळा पडदा लावून सुमारे सात वर्षं काढली, २००५ मध्ये फिल्म इंटरनेटवर फुकट ठेवली, लाखो लोकांनी ती उतरवून घेतली. तिथे कॅप्टन तोरसोनेन होता, पण दिग्दर्शक टिमो वुओरेन्सोला वेगळा होता. पुढे २०१२ मध्ये वुओरेन्सोलाचा 'आयर्न स्काय' थेट चित्रपटगृहांत आला. खुर्चीत बसणारा आणि कॅमेऱ्यामागे उभा राहणारा वेगळा असला की काय फरक पडतो, ते तिथे दिसतं. कॅप्टनला 'हा टेक गेला, पुन्हा कर' असं सांगायला कोणीतरी असतं.

म्हणून हल्ली काम घेण्याआधी मी काही गोष्टी लेखी मागते. श्रेयनामावलीचा कच्चा मसुदा चित्रीकरणाआधी तयार असावा आणि तो गटातल्या प्रत्येकाला दिसावा. ज्याचं काम फिल्ममध्ये राहिलं त्याचं नाव राहील, मग तो मधूनच भांडून गेलेला का असेना. प्रत्येकाने केलेली मूळ फाइल त्याची स्वतःची, ती तो दुसरीकडे वापरू शकेल. आणि लॉकवर शेवटचा शब्द कोणाचा, ते एकच नाव आधी ठरवा. ते नाव कॅप्टनचं नसावं, अशी माझी विनंती असते. अट नाही, विनंतीच.

गेल्या खेपेला एका गटाने हे वाचून कळवलं की एवढा अविश्वास असेल तर नको. मी त्यांना शुभेच्छा दिल्या, मनापासून, कारण त्यांची कथा चांगली होती. दुसऱ्या गटाने मसुदा उलट टपाली पाठवला. त्यात स्वयंपाक करून आणणाऱ्या दोघींची नावं वरच्या अर्ध्यात होती, आणि अंतराळस्थानक करणारा तो मुलगा 'व्हीएफएक्स' या शीर्षकाखाली एकटाच होता, कारण तिथे खरोखरच तो एकटा आहे. त्यांचा लॉक मागच्या आठवड्यात आला, एकच. संवाद साफ करून झालेत, दारांचे आवाज बाकी आहेत. कॅप्टनची भूमिका करणारी बाई निर्माती नाही, लेखिका नाही, तिने सेटवर एक खिळाही ठोकलेला नाही. ऑडिशन देऊन आली आहे, आणि काय बोलते!